डोळ्याचा लकवा : सिन्नरहून नाशिक गाठेपर्यंत

डोळा लाल होत नाही, चिपडं येत नाहीत, ठणका नाही की पाणी नाही. एका डोळ्याने दिसायचं बंद होतं, तेही काही क्षणांत. दुखत नाही म्हणून माणूस घाबरत नाही. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे पुष्कळदा ते लगेच लक्षातही येत नाही. तोंड पुसताना चांगल्या डोळ्यावर टॉवेल येतो आणि समोरची भिंत दिसेनाशी होते, तेव्हा कळतं. मग दोन-चार वेळा डोळा चोळून होतो, चष्मा पुसून होतो, मेडिकलमधून ड्रॉप येतात आणि घरात सांगितलं जातं, "उद्या बघू. नाहीतरी शनिवारी नाशिकला जायचंच आहे."

या दुखण्यात उद्यापर्यंत थांबायला जागा नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी अचानक बंद पडलेली असते. हा पडदा मुळात मेंदूचाच भाग आहे, त्यामुळे मेंदूची धमनी बंद पडल्यावर जितकी घाई करायची, तितकीच इथेही करायची. डॉक्टर फाइलवर ‘सीआरएओ’ असं लिहितात. जगभरात वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्या माणसाला हा आजार होतो. तेच प्रमाण सिन्नर तालुक्याच्या साडेतीन लाखांच्या आसपासच्या वस्तीला लावलं, तर वर्षाकाठी तीन-चार, फार तर सहा-सात माणसं. म्हणूनच गावात कुणी तो पाहिलेला नसतो आणि सल्ला देणारा प्रत्येकजण मोतीबिंदूच्या अनुभवावरून बोलतो.

नक्की काय अडकतं?

मानेच्या दोन्ही बाजूंना हाताला ठोके लागतात त्या कॅरोटिड धमन्या. त्यांची एक शाखा डोळ्याकडे जाते आणि तिच्यातून निघालेली एक बारीक धमनी डोळ्याच्या नसेत शिरून पडद्यापर्यंत पोचते. ही धमनी एका मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकीच रुंद असते. मानेतल्या धमनीत वर्षानुवर्षं साचलेल्या चरबीच्या थराचा कण सुटला, किंवा हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी वर गेली, की ती इथे येऊन अडकते. १८५९ साली बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी हा प्रकार पहिल्यांदा नोंदवला, तेव्हाही मूळ दुखणं रुग्णाच्या हृदयातच होतं. म्हणजे नजर डोळ्याची जाते, पण बिघाड बहुतेक वेळा मानेत किंवा छातीत असतो. पुढचे सगळे सल्ले या एकाच गोष्टीवरून निघतात.

पडदा रक्तावाचून किती वेळ तग धरतो, याचं बरंचसं उत्तर पंजाबात जन्मलेल्या आणि अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेल्या सोहनसिंग हायरे यांनी दिलं. माकडांच्या डोळ्यांवर केलेल्या प्रयोगांत त्यांना दिसलं, की ही धमनी ९७ मिनिटांपर्यंत बंद ठेवून सोडली तर पडदा सावरतो. २४० मिनिटं, म्हणजे चार तास बंद राहिली तर जवळपास सगळी हानी कायमची होते. माणसात हिशेब इतका नेमका नसतो. काहींची धमनी पूर्ण बंद नसते, थोडं रक्त झिरपत राहतं, आणि पडद्याचा जीव जास्त वेळ टिकतो. काहींच्या डोळ्यात जन्मतःच एक जादा छोटी धमनी असते, जी वेगळ्या वाटेने येऊन पडद्याच्या मधल्या भागाला रक्त देते. साधारण दर तीन-चार माणसांमागे एकाला ती असते. अशा माणसाची कडेची नजर जाते, पण समोरचं वाचता येतं. मात्र आपल्याला ती धमनी आहे की नाही हे आधी ठाऊक नसतं, म्हणून तिच्या भरवशावर कुणी थांबू नये.

पाच मिनिटांची अंधारी

पूर्ण नजर जाण्याच्या आधी काही जणांना इशारा मिळतो. एका डोळ्यापुढे वरून पडदा खाली आल्यासारखं होतं, दोन, पाच, दहा मिनिटं काळं किंवा राखाडी दिसतं आणि मग सगळं जसंच्या तसं. लोक म्हणतात, उन्हात फिरलो म्हणून अंधारी आली, उपास होता, पित्त झालं. उपासाची किंवा अशक्तपणाची अंधारी दोन्ही डोळ्यांपुढे येते आणि सोबत गरगरतं. एकाच डोळ्यापुढे आलेली अंधारी म्हणजे गुठळी आली आणि सुटून पुढे गेली, असंच धरून चालायचं.

माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वांत मोलाची हीच पाच मिनिटं आहेत. पूर्ण बंद पडलेली धमनी उघडणं फार अवघड असतं, पण इशारा मिळालेल्या माणसाचा डोळा आणि मेंदू दोन्ही वाचवता येतात. मानेची धमनी सत्तर टक्क्यांहून जास्त अरुंद झालेली निघाली, तर ती साफ करण्याचं ऑपरेशन करतात आणि ते इशाऱ्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांत झालं तर त्याचा फायदा सगळ्यांत जास्त असतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर रक्त पातळ करणारी गोळी सुरू होते. म्हणून अंधारी येऊन गेली आणि आता स्वच्छ दिसतंय, तरीही त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

घरच्या घरी काय ओळखाल

एकेका डोळ्यावर तळहात ठेवून समोरच्या कॅलेंडरकडे बघा. डावा झाकल्यावर दिसत नाही आणि उजवा झाकल्यावर दिसतं, तर बिघाड उजव्या डोळ्यात आहे. कोणताही डोळा झाकला तरी कॅलेंडरची एकच बाजू गायब असेल, तर बिघाड मेंदूच्या मागच्या भागात आहे. तोही लकवाच आणि त्यालाही तितकीच घाई. त्याच वेळी तोंड वाकडं झालंय का, हात वर धरल्यावर एक खाली येतो का, बोलणं जड झालंय का, हेही पाहून घ्या.

डोळा लालभडक, कपाळ फुटेल असं दुखणं, उलटी आणि दिव्याभोवती रंगीत वलयं, हा काचबिंदूचा तीव्र झटका. आधी विजा चमकल्यासारखं, काळे ठिपके आणि मग एका बाजूने पडदा सरकत आलेला, हे पडदा सुटल्याचं लक्षण. जुन्या मधुमेह्याला अचानक कोळिष्टकं दिसू लागली तर डोळ्यात रक्तस्राव झालेला असू शकतो. तरुण माणसाला डोळा हलवला की दुखतं आणि दोन-तीन दिवसांत नजर मंदावते, तेव्हा नसेला सूज असते. यांतलं काहीही असलं तरी त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर लागतातच. न दुखता, क्षणात, एकाच डोळ्याची नजर गेली, तर मात्र थेट मोठ्या दवाखान्यात.

आणखी एक प्रश्न पन्नाशीपुढच्या माणसाला विचारायलाच हवा: गेल्या काही दिवसांत कानशील दुखतंय का, फणी फिरवताना टाळू हुळहुळते का, भाकरी चावताना जबडा भरून येतो का? उत्तर हो असेल तर धमनीलाच सूज आलेली असू शकते. आपल्याकडे हा प्रकार युरोपाच्या मानाने कमी दिसतो, पण त्यात दुसरा डोळा काही दिवसांतच जाऊ शकतो आणि स्टेरॉइड वेळेवर दिलं तर तो वाचतो. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या दोन साध्या तपासण्या त्यासाठी लगेच करतात.

घड्याळ आणि मोहदरी घाट

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं झालं तर ते नजर गेल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणजे हाताशी २७० मिनिटं. त्यांचा हिशेब सिन्नरच्या माणसाने आधीच मांडून ठेवलेला बरा.

सिन्नर ते नाशिक अंतर २८-३० किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर पाऊण तास, पण मोहदरी घाटात एखादा कंटेनर बंद पडला, शिंद्याच्या टोलनाक्यावर रांग लागली, पुढे नाशिकरोड आणि द्वारकेची गर्दी लागली, की दीड तास कुठे जातो कळत नाही. माळेगाव किंवा मुसळगाव एमआयडीसीची शिफ्ट सुटण्याच्या वेळेला तर विचारूच नका. वडांगळी, वावी, नांदूर शिंगोटे अशा गावांतून निघालं तर आधी सिन्नर गाठण्याचा वेळ वेगळा. दवाखान्यात पोचल्यावर केसपेपर, साखर, रक्तदाब, सीटीस्कॅन, डोळ्याची तपासणी आणि मेंदूच्या डॉक्टरांचं मत यात तासभर सहज जातो. वजाबाकी करून पाहिली तर घरी विचार करायला तास-दीड तासापेक्षा जास्त उरत नाही. शेजाऱ्याची गाडी, पुतण्या येईपर्यंत थांबणं, देवाला नारळ, हे सगळं त्या तासा-दीड तासातच.

१०८ नंबर फिरवा. २०१४ पासून महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत मिळते. ती यायला फार वेळ लागेल असं सांगितलं आणि दारात चारचाकी असेल, तर तिच्यातून निघा, पण रुग्णाला गाडी चालवू देऊ नका. मोटरसायकलवर मागे बसवून घाट उतरायचा हट्टही नको; वाटेत हातपाय लुळे पडले तर तो सांभाळता येणार नाही.

कुठे जायचं? सीटीस्कॅन चोवीस तास चालू आहे, फिजिशियन किंवा न्यूरोलॉजिस्ट बोलावता येतो आणि लकव्याचं इंजेक्शन ठेवलेलं आहे, अशा ठिकाणी. नाशिकला त्र्यंबक रस्त्यावरचं सिव्हिल, आडगावला मविप्रचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आणि शहरातले मोठे खाजगी दवाखाने आहेत. वावी-पाथऱ्याकडच्या लोकांना शिर्डी किंवा लोणी सोयीचं पडू शकतं, पश्चिमेकडच्या गावांना घोटीजवळच्या धामणगावचं एसएमबीटी. निघताना फोन करा आणि वरच्या तीन गोष्टी विचारा. ‘डॉक्टर सकाळी येतील’ असं उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा.

सिन्नरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आधी जावं का, हा प्रश्न हमखास येतो. वाटेवर दवाखाना उघडा असेल, डॉक्टर खुर्चीत असतील, तर दहा मिनिटांत तपासून चिठ्ठी घ्या. तिचा पुढे फार उपयोग होतो. दार बंद असेल तर पायरीवर बसून राहू नका. नेत्रतज्ज्ञ डोळ्याचं निदान करतील, पण मेंदू, हृदय आणि मानेच्या तपासण्या तिथे होणार नाहीत. अमेरिकेतल्या हार्ट असोसिएशनने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनातही या रुग्णाला लकव्याचाच रुग्ण मानून तातडीने स्ट्रोकची सोय असलेल्या ठिकाणी न्यावं, असंच म्हटलं आहे.

सोबत काय न्यायचं, तर चालू गोळ्यांची पाकिटं (नावं आठवत बसू नका, पिशवीच उचला), जुन्या फायली, आधार आणि रेशन कार्ड. रक्त पातळ करणारी ॲसिट्रॉम किंवा वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. गेल्या काही दिवसांतलं ऑपरेशन, अपघात, संडासवाटे रक्त, हेही सांगा. कॅज्युअल्टीत शिरताच ‘डोळ्याला कमी दिसतंय’ म्हणालात तर डोळ्यांच्या ओपीडीचा कागद हातात येईल आणि ओपीडी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडेल. म्हणा, "सकाळी सहा वाजता एका डोळ्याची नजर अचानक गेली. दुखत नाही. लकवा असू शकतो, स्ट्रोकच्या डॉक्टरांना कळवा." वेळ नक्की सांगा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल, तर शेवटचं नीट कधी दिसलं होतं ती वेळ धरतात. रात्री लघवीला उठल्यावर दिसत होतं का, हे घरच्यांनी तिथल्या तिथे आठवून ठेवावं.

आणि काय करायचं नाही. डोळा दाबून चोळायचा नाही. ड्रॉप, मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. रक्तदाब वाढला असेल म्हणून जादा गोळी द्यायची नाही. एकदम उतरलेला रक्तदाब पडद्याला आणि मेंदूलाही घातक ठरतो. ॲस्पिरिनची गोळी स्वतःच्या मनाने द्यायची नाही. मेंदूत रक्तस्राव नाही हे स्कॅनवर दिसेपर्यंत तो निर्णय डॉक्टरांचा. इंजेक्शन आणि स्कॅन होईपर्यंत खायला-प्यायलाही देऊ नका, गिळण्याचे स्नायू ढिले पडलेले असू शकतात.

डॉक्टर काय बघतात

अंधाऱ्या खोलीत टॉर्च आधी चांगल्या डोळ्यावर धरतात. दोन्ही बाहुल्या लहान होतात. मग टॉर्च झटकन आजारी डोळ्यावर नेतात. उजेड पडलेला असूनही ती बाहुली आकसण्याऐवजी मोठी होत जाते. म्हणजे उजेड आत पोचतो, पण त्याची खबर मेंदूला मिळत नाही. त्यानंतर बाहुली मोठी करून पडदा पाहतात. काही तास उलटले असतील तर एरवी नारिंगी दिसणारा पडदा फिकट, दुधाळ झालेला असतो आणि बरोबर मध्यभागी एक लालबुंद ठिपका असतो. तिथे पडदा सगळ्यांत पातळ असतो आणि त्याच्या मागच्या थराचं रक्त शाबूत असतं, म्हणून तो तेवढाच लाल दिसतो. बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताचा प्रवाह तुटून, मालगाडीचे डबे सुटे उभे असावेत तसे त्याचे तुकडे दिसतात. कधी धमनीच्या फाट्यावर पिवळसर चमकणारा कोलेस्टेरॉलचा कणही दिसतो.

पहिल्या एक-दोन तासांत मात्र पडदा जवळपास नेहमीसारखा दिसू शकतो. रुग्ण ‘दिसत नाही’ म्हणतोय आणि डोळ्यात काही सापडत नाही, अशा वेळी बाहुलीची ही टॉर्चची तपासणी आणि ओसीटी नावाची स्कॅन यांच्यावरच भरवसा ठेवावा लागतो.

रक्त परत सुरू करता येतं का?

आता मूळ प्रश्न. उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही: हमखास रक्तप्रवाह सुरू करणारा उपाय आज कुठेही नाही, ना नाशिकला, ना मुंबईला, ना अमेरिकेत.

जुने उपाय पुष्कळ आहेत. पापणीवरून डोळ्याला ठरावीक दाब देऊन सोडणं, डोळ्यातलं पाणी सुईने थोडं काढणं, डोळ्याचा दाब उतरवणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी किंवा टिमोलॉलचे थेंब, जिभेखाली आयसोसॉर्बाइड, कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावणं. यांमागचा विचार असा, की डोळ्यातला दाब उतरला किंवा धमनी थोडी सैलावली तर गुठळी पुढे सरकेल. पण २०१५ साली जुन्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, तेव्हा काहीच न केलेल्या रुग्णांपैकी शंभरात सतरा-अठरांची नजर कामापुरती परतली होती आणि हे उपाय केलेल्यांपैकी शंभरात सातांची. या आकड्यांनंतर निदान सुईने पाणी काढण्याचा आग्रह तरी कुणी धरू नये, असं मला वाटतं. एखाद्या डॉक्टरांनी गोळी दिली, दाब देऊन पाहिला, तर भांडायचं कारण नाही. मात्र या उपायांसाठी सिन्नरलाच दिवसभर अडकून पडू नये.

दुसरा मार्ग मांडीतून बारीक नळी घालून थेट डोळ्याच्या धमनीपर्यंत नेण्याचा आणि तिथे औषध सोडण्याचा. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ‘ईगल’ नावाच्या चाचणीत ८४ रुग्णांवर त्याची तुलना झाली. २०१० मध्ये निकाल आला: नजर दोन्ही गटांत सारखीच सुधारली, म्हणजे शंभरातल्या साधारण साठांची थोडीफार, पण नळीवाल्या गटात शंभरातल्या सदतीसांना त्रास झाला आणि साध्या उपचारवाल्या गटात चारांना. चाचणी मध्येच थांबवावी लागली. लाखाचं एस्टिमेट देऊन कुणी हे सुचवलं तर हा निकाल आठवा.

तिसरा मार्ग हातातल्या शिरेतून इंजेक्शन देण्याचा. अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज ही त्यांची नावं; टेनेक्टेप्लेज तर आपल्या पुण्यातल्या जेनोव्हा कंपनीत तयार होतं. २०१५ च्या त्याच मांडणीत साडेचार तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्यांपैकी निम्म्यांची नजर परतलेली दिसली, पण ते रुग्ण मोजकेच होते. आजवरच्या तुलनात्मक चाचण्याही लहानच झाल्या, त्यांतून फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही. म्हणून २०२१ च्या त्या निवेदनातही ‘द्यावंच’ असं म्हटलेलं नाही; वेळेत आलेल्या, नजर फार खाली गेलेल्या रुग्णात विचार करता येईल, इतकंच म्हटलं आहे. धोका खरा आहे. मेंदूच्या लकव्यात या औषधाची मोठी अमेरिकी चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात शंभरात सहांना मेंदूत रक्तस्राव झाला होता. डोळ्याच्या रुग्णाचा मेंदू शाबूत असतो, त्यामुळे धोका त्याहून कमी, पण शून्य नाही. अलीकडचं ऑपरेशन, रक्त पातळ करणारी गोळी, १८५/११० च्या वर अडकलेला रक्तदाब, किंवा वेळच माहीत नसणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टर नाही म्हणतील. ते ऐकावं.

उच्च दाबाच्या ऑक्सिजनची पेटीही काही ठिकाणी वापरतात. पडद्याच्या मागच्या थरातून ऑक्सिजन झिरपून पुढच्या थराला जगवावं, धमनी आपोआप उघडेपर्यंत वेळ काढावा, हा त्यामागचा हिशेब. पेटी जवळ असेल आणि तास थोडेच झाले असतील तरच तिला अर्थ.

‘नस मोकळी करणारे’ काढे, पंचकर्म, आठवडाभराची सलाइन, डोळ्याचे व्यायाम यांनी बंद धमनी उघडत नाही. नजर जाऊन आठवडा झाल्यावर जो खात्री देतो, तो पैसे घेतो, एवढंच.

डोळा गेला, आता मेंदू

चार तास टळले, नजर परतली नाही, मग दवाखान्यात कशाला जायचं, असं पुष्कळांना वाटतं. इथेच खरी चूक होते. अशा रुग्णांच्या मेंदूची एमआरआय केली तर साधारण चौघांतल्या एकाला ताज्या छोट्या लकव्याच्या खुणा सापडतात, हातपाय चालत असतानाही. पुढचा मोठा लकवा येण्याची शक्यता पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असते. म्हणून दोन दिवस झाले असले तरी लगेच भरती व्हावं आणि मानेच्या धमन्यांची डॉपलर, एमआरआय, ईसीजी, टू-डी इको, साखरेची तीन महिन्यांची सरासरी आणि कोलेस्टेरॉल या तपासण्या करून घ्याव्यात. एका ईसीजीत ठोक्यांची अनियमितता सापडेलच असं नाही. चोवीस तासांचं होल्टर लावायला सांगितलं तर टाळू नका. खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भरती होतानाच गाठा, बिल झाल्यावर नव्हे.

रुग्ण तिशी-चाळिशीचा असेल तर हृदयाच्या झडपांकडे लक्ष जायला हवं. लहानपणी घसा दुखून ताप, सांधे सुजणं आणि पुढे झडप खराब होणं, हे आपल्याकडे अजून संपलेलं नाही. आदिवासी पट्ट्यातल्या तरुणाची सिकलसेलची तपासणीही करावी. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने आणखी एक कारण पाहिलं: कोविड, स्टेरॉइड आणि अनियंत्रित साखर एकत्र आली की काळी बुरशी नाकातून डोळ्याच्या खोबणीत शिरायची आणि धमन्याच बुजवायची. कित्येकांची एका डोळ्याची नजर त्यात गेली. आजही साखर खूप वाढलेली, नाकातून काळपट स्राव, गाल बधिर आणि नजर गेलेली असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ त्याच तासाला हवेत.

बहुतेकांच्या बाबतीत मात्र कारणं ओळखीचीच निघतात: रक्तदाब, साखर, चरबी आणि तंबाखू. सिन्नरचं नाव विडीच्या धंद्याने दूरवर गेलं. कित्येक घरं बायकांनी विड्या वळून चालवली. त्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, हा समज धादांत खोटा आहे, आणि धूर पानातला आहे की कागदातला, याने धमन्यांना फरक पडत नाही. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर मदत मिळते.

डोळ्याच्या डॉक्टरांकडे पुढचे चार महिने जात राहणं आवश्यक आहे, नजर नसली तरी. रक्तावाचून राहिलेला डोळा काही जणांत नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या तयार करतो, त्या पाण्याची वाट बुजवतात आणि दाब वाढून डोळा ठणकू लागतो. वेळेवर लेसर केला तर हे टळतं. अंध डोळा दुखायला लागला, लाल झाला, तर ‘तो तर गेलेलाच आहे’ म्हणून सोडू नका.

एका डोळ्यावर जगणं जमतं. पहिले दोन-तीन महिने पायऱ्या, रस्ता ओलांडणं आणि कपात चहा ओतणं यांत अंदाज चुकतो, मग सवय होते. लेथवर, ग्राइंडरवर, शेतात फवारणीला जाताना चांगल्या डोळ्यासाठी न फुटणाऱ्या काचेचा चष्मा रोज हवा, नंबर नसला तरी. अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल घोर निराशा होते, म्हणून आधीच सांगतो: दुसरा डोळा चांगला असेल तर एका डोळ्याचं अपंगत्व फार तर ३० टक्के धरतात आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात.

घरात कुणाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, तर नाशिकच्या दोन दवाखान्यांना आजच फोन करून विचारा, की लकव्याचं इंजेक्शन रात्रीही मिळतं का. जिथे हो म्हणतील तो नंबर १०८ च्या खाली भिंतीवर लिहून ठेवा.